लाल कार्डाची तालीम

सत्तावीस वर्षं स्पास्का वेल्कोवा वर्गाला एकच प्रश्न विचारत आली होती, "समजलं का?" आणि सत्तावीस वर्षं वर्ग एकच उत्तर देत आला होता, "हो बाई." इतकं सुखाने चाललेलं असताना राजधानीत, सोफियात कोणाच्या तरी पोटात दुखलं आणि कार्डं आली. समजलं तर हिरवं, शंका असेल तर पिवळं, डोक्यावरून गेलं तर लाल. मुलांनी कार्ड वर करायचं आणि कोण कुठे अडलंय ते बाईंनी तिथल्या तिथे ओळखून शिकवणं बदलायचं. हे सांगायला आलेला माणूस तीन दिवस पडद्यावरचं वाचत राहिला. समजलं का, असं त्याने एकदाही कोणाला विचारलं नाही.

एरवी स्पास्काने कार्डं कपाटात टाकली असती. पण डॅन्यूबकाठच्या त्या गावातली मुलं कमी होत चालली होती. पाचवीच्या दोन तुकड्यांची पुढच्या वर्षी एकच तुकडी होणार होती, म्हणजे गणिताच्या दोन बाईंपैकी एक घरी. स्पास्का तरी, नाहीतर पेन्का. जिल्ह्याच्या कचेरीतून तज्ज्ञ येणार, दोघींचा खुला तास बघणार आणि मग ठरणार.

खुला तास म्हणजे बंद दाराआड आधी तीनदा होऊन गेलेला तास, हे तिकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"सगळीच हिरवी नकोत, स्पास्काबाई. संशय येतो," हेडमास्तर डोन्चेव म्हणाले. "दोन पिवळी ठेवा, एक लाल. लालवाल्याला तुम्ही समजवा, मग तो हिरवं दाखवेल. झाली पद्धत."

लाल कार्ड भरवशाच्या हातात हवं म्हणून ते योआनाला दिलं. संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. "माझ्या मुलीला कायम सहापैकी सहा, आणि तुम्ही तिला न समजणाऱ्यांत बसवता?" मग ते झोर्नित्साकडे गेलं. तिचे आईवडील स्पेनमध्ये स्ट्रॉबेऱ्या तोडत होते. तिथून असल्या कारणासाठी फोन येणार नव्हता.

पहिल्या तालमीला गणित होतं एक छेद दोन अधिक एक छेद तीन. झोर्नित्साने लाल वर केलं.

"काय समजलं नाही, बाळ?" स्पास्काने ठरलेलं विचारलं.

"बाई, वाटे सारखे नसतील तर एकत्र मोजायचे कसे?"

हे काही ठरलेलं नव्हतं. पण प्रसंग खरा वाटायला हवा म्हणून स्पास्काने फळ्यावर बानित्साचा, म्हणजे चीज भरून भाजलेल्या पोळीचा, गोल तवा काढला आणि सारखे तुकडे पाडून दाखवले. दुसऱ्या तालमीला पोरगी म्हणाली, "पण सहाच तुकडे का?" पुन्हा समजावणं आलं. तिसऱ्या वेळी तिने खडू घेतला आणि गणित स्वतःच सोडवलं. बाकीच्या अठरा जणांनी तिन्ही वेळा हिरवी-पिवळी वेळच्या वेळी वर केली. पाच छेद सहा हे उत्तर त्यांना तोंडपाठ होतं.

तज्ज्ञ रादोएवाबाई आल्या, फुलं घेतली, मागच्या बाकावर बसल्या. तास अगदी रंगला. शेवटी त्या उठल्या आणि म्हणाल्या, "आता आकडे बदलू. दोन छेद पाच अधिक एक छेद तीन. तू सांग, हिरवी."

योआना उभी राहिली. "पाच छेद सहा," तिने खणखणीत आवाजात सांगितलं.

आणखी चार हिरव्यांनी तेच सांगितलं. मग झोर्नित्साचा हात वर आला, नवं गणित म्हणून पुन्हा लाल कार्डासकट. "अकरा छेद पंधरा."

"मग तुझं लाल का?"

"मला लाल नेमून दिलंय, बाई."

स्पास्काला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. नोकरीचं दुःख नंतर आलं. आधी लाज वाटली, कारण महिनाभरात तिने फक्त एकाच मुलीला शिकवलं होतं, आणि तेही नाटक म्हणून.

पेन्काच्या तासाला आकडे बदलले नाहीत. रादोएवाबाईंसाठी मांडलेलं जेवण थंड होत होतं. आठवड्याने कळलं की पेन्का राहणार. "मी म्हणतच होतो, त्या पोरीला लाल द्यायला नको होतं," हेडमास्तर म्हणाले.

जूनमध्ये शाळेचं वर्ष संपायला सात आठवडे उरले होते. सोमवारी स्पास्काने हिरवी कार्डं गोळा केली, कपाटात टाकली आणि फळ्यावर पुन्हा पहिलंच गणित लिहिलं.

"कोणाला समजलं नाही?"

सवयीने काही हात बाकावर हिरवी कार्डं शोधू लागले. योआनाने अर्धवट हात वर केला.

"बाई, ही तालीमच आहे ना?"

"हो," स्पास्का म्हणाली. "आता जूनपर्यंत तालीमच. विचार."