डोंगरावरचा लव्हाळा

रावजीच्या हाताला चारा कळतो, हे सित्रा बेटावरच्या त्या चाऱ्याच्या गोदामात सगळ्यांना ठाऊक होतं. माण तालुक्यातल्या मेंढपाळाचं घर, आणि वर बहारीनमध्ये कंपनीच्या मेंढ्यांमागं काढलेली एकोणीस वर्षं. नवा चारा आला की अरबाब, म्हणजे कंपनीचा मालक, आधी रावजीला हाक मारी. रावजी एक काडी चोळी, हुंगे, दाताखाली धरी आणि मान हलवी. मग माल आत जायचा की परत, ते ठरे.

त्या रविवारी कंटेनर उघडला आणि रावजीनं पहिल्याच गठ्ठ्यातून काडी उपटली. बारीक, वीतभर, करड्या हिरव्या रंगाची. बोटांत फिरवली, तर गोल फिरेना. काडीला तीन धारा होत्या.

"अरे, हा तर लव्हाळा!" तो म्हणाला. "आमच्याकडं ओढ्याकाठी उगवतो. शेळीसुद्धा तोंड फिरवते."

हा माल मागवला होता रहिमतुल्लानं. तो रत्नागिरीकडचा, गोदामातला क्लार्क. लसूणघासाचं जहाज महिनाभर अडकलं, म्हणून त्यानं धावाधाव करून किर्गिझस्तानच्या डोंगरांवरून हे वाळलेलं गवत आणवलं होतं.

"रावजीभाऊ, हा ओढ्याचा नव्हे," तो अजिजीनं म्हणाला. "बर्फाच्या खालच्या कुरणातला आहे. तिकडं याला वाढायला दोनच महिने मिळतात, सगळा कस पात्यात साठतो. याक, घोडे, मेंढरं याच्यावरच पोसतात. हा लॅबचा रिपोर्ट बघा, प्रोटीन बघा."

त्यानं कागद पुढं केला. अरबाबनं कागदाकडं पाहिलंच नाही. त्यानं रावजीकडं पाहिलं.

रावजीनं मान आडवी हलवली.

"खलास," अरबाब म्हणाला, आणि रहिमतुल्लाला घेऊन ऑफिसात गेला.

रावजीला वाटलं, माल परत जाईल, चार शब्द ऐकवले जातील आणि विषय संपेल. दुपारी ड्रायव्हर संतोष जेवायला बसताना म्हणाला, "रहिमतुल्लाभाईला काढला. व्हिसा कॅन्सल करायला टाकलाय."

रावजीनं हातातला घास परत ताटात ठेवला. "कशापायी?"

"कशापायी म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, कचरा आणला म्हणून!"

कचरा हा शब्द आपण वापरला नव्हता, असं रावजीला सांगायचं होतं. पण तो ताट सरकवून उठला.

मंगळवारी सकाळी तो मेंढ्यांच्या वाड्यावर पोचला आणि जागीच थबकला. फाटकाची कडी निसटली होती. त्या डोंगरी गवताचे टाकून द्यायचे गठ्ठे बाहेर रचले होते, आणि साठ-सत्तर मेंढ्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या. शिल्लक लसूणघास गव्हाणीत तसाच पडला होता, त्याच्याकडं एकीचंही लक्ष नव्हतं. रावजी ओरडत धावला. एकीच्या तोंडातून त्यानं पेंढी ओढली, तर तिनं हिसका देऊन परत घेतली. चार दिवस चाऱ्याला न शिवलेली एक म्हातारी मेंढी गठ्ठ्यात मान खुपसून, डोळे मिटून चावत होती. खाली पातंही सांडू देत नव्हती.

आता पोटं फुगणार, या भीतीनं तो दिवसभर एकेकीच्या कुशीवर हात ठेवून फिरला. एकीचंही पोट फुगलं नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी त्या म्हातारीच्या कासेला हात लावला, तर दूध उतरलं होतं, आणि आटलेल्या आईमागं ओरडून थकलेलं तिचं कोकरू शेपूट हलवत लुचत होतं.

चाळीस वर्षं मेंढरं राखली, पण अशी धडकी रावजीला कधी भरली नव्हती. आपण चुकलो, एवढंच असतं तर सोसलं असतं. पण एका माणसाचं घर उठवायला आपलं एक मान हलवणं पुरलं होतं!

तडक बस पकडून तो झिंजला, रहिमतुल्लाच्या घरी गेला. दार त्याच्या बायकोनं, मसूदाभाभीनं उघडलं. पाठीमागं हॉलमध्ये उघड्या बॅगा पडल्या होत्या, आणि रहिमतुल्ला पोरीची पुस्तकं खोक्यात भरत होता.

"तूबाचं दहावीचं वर्ष आहे," मसूदा कुणाकडंही न बघता म्हणाली आणि आत निघून गेली.

"माझं चुकलं, भाई," रावजी उभ्यानंच म्हणाला. "मेंढ्यांनी सगळं खाल्लं. लसूणघास सोडून खाल्लं."

रहिमतुल्ला पुस्तक खाली ठेवून म्हणाला, "चुकलात त्याचं मला काही नाही. मीही ते गवत आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं. पण मेंढरं वीस पावलांवर होती, रावजीभाऊ. एक मूठ घालून बघू, एवढं तरी म्हणायचं होतंत."

रावजीला कुणी थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. खरंच, वीस पावलं! हे त्याला स्वतःला सुचलंच नव्हतं.

तिथून तो थेट अरबाबच्या ऑफिसात गेला. बसमध्ये शब्द जुळवून ठेवले होते. गुन्हा माझा आहे, काढायचं तर मला काढा, एकोणीस वर्षं झाली, मी जातो. अरबाबसमोर त्यानं अडखळत सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या अरबीत. अरबाब चहा पीत ऐकत राहिला.

"मेंढ्या खातात?"

"खातात, अरबाब."

"दूध आहे?"

"आहे."

"मग यल्ला, चल, फोन कर. बोलाव त्याला परत. व्हिसाचा कागद अजून पुढं गेलेला नाही." आणि तो दुसऱ्या फायलीकडं वळला.

रावजीला वाटलं होतं ओरडा होईल, विनवण्या कराव्या लागतील, निदान प्रश्न तरी विचारले जातील. पण ज्या घरानं चार दिवस बॅगा भरल्या, त्या घराची गोष्ट चहाच्या दोन घोटांत मिटली होती. तशीच ती रविवारी मोडली होती.

बाहेर उन्हात येऊन त्यानं फोन लावला. फोन मसूदानं उचलला.

"भाभी, बॅगा उघडा," तो म्हणाला. "कुठं जायचं नाही."

पलीकडून तिनं नवऱ्याला हाक मारली.

रहिमतुल्ला रविवारी कामावर आला. वाड्यापाशी थांबला, गठ्ठ्यातली एक पेंढी स्वतः सोडवून त्यानं गव्हाणीत टाकली आणि मेंढ्या तिच्यावर तुटून पडल्या तसा कितीतरी वेळ बघत राहिला. रावजीशी तो बोलला नाही. रावजी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर, मान खाली घालून उभा राहिला.