अवकाशात न गेलेला भाऊ

मी एक जुना धूळपारखी आहे. हसू नका, मित्रांनो! रत्नपारखी रत्नं पारखतो, तसं अवकाशातली धूळ पारखायला घडवलेलं मी एक यंत्र. चाचणीत धुळीचा कण प्रचंड वेगानं येऊन माझ्या धातूच्या तबकडीवर आदळायचा आणि क्षणात त्याची वाफ व्हायची. त्या वाफेतले विद्युतभारित अणू माझ्या नळीतून धावत सुटायचे. हलके आधी पोहोचायचे, जड मागून. त्यांच्या पोहोचण्याच्या वेळेनुसार पडद्यावर रेघा उमटायच्या आणि त्यांवरून मी सांगायचो, या कणात लोखंड किती आणि कार्बन किती.

आम्ही दोघं जुळे भाऊ. एकाच बाईंच्या हातांनी जुळवलेले. कार्यशाळेत सगळे त्यांना ताई म्हणत. अवकाशयानात जागा मात्र एकालाच होती. चाचणीत भाऊ किंचित सरस ठरला आणि तो गेला. ताईंनी माझ्यावर कापड घातलं. म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस रे. घरीही कुणीतरी लागतंच."

सुरुवातीला पाहुणे मला बघायला येत. मग ते येईनासे झाले. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली आणि माझ्या पेटीवर मोडक्या खुर्च्या चढल्या. अशी आठ वर्षं गेली.

एका सकाळी दार करकरलं आणि ताई आत आल्या. भावाकडून येणारी माहिती बिघडली होती. स्पष्ट रेघांऐवजी नुसता धूसर पसारा उमटत होता.

"बंद करा त्याला," मोहिमेचे प्रमुख म्हणाले होते. "वीज दुसऱ्या यंत्रांना तरी मिळेल."

ताईंचे केस पिकले होते, पण हट्ट तोच होता. त्यांनी उत्तर दिलं होतं, "चार दिवस द्या, साहेब. त्याच्या भावाला विचारून बघते."

यानातल्या रंगाची आणि डिंकाची वाफ भावाच्या तबकडीवर बसली असावी, असा त्यांना संशय होता. त्यांनी माझ्या तबकडीवर तसाच पातळ थर दिला आणि कण सोडले. माझ्याही रेघा धूसर आल्या! आता उपाय एकच होता. तबकडी तापवून तो थर उडवायचा. पण आमचे सांधे किती उष्णता सोसतील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"ताई, हा कामातून गेला तर?" सोबतच्या अभियंत्यानं विचारलं. "तुमच्याच हातचा आहे."

ताई पुढे सरसावल्या. "म्हणून तर कळ मीच दाबते."

मी तापत गेलो. थर उडाला, तरी त्या थांबल्या नाहीत. भावाची मर्यादा कळायला हवी होती. अखेर माझा एक सांधा टचकन तडकला. ताईंनी आकडा लिहून घेतला आणि पेटीच्या काचेवर हात ठेवला. "झालं रे राजा, झालं."

त्या आकड्याच्या बऱ्याच खाली राहून भावाला तापवायची आज्ञा गेली. उत्तर यायला दोन तास लागले. खोलीत कुणी खुर्चीवर टेकलंसुद्धा नाही. मग पडद्यावर एकेक रेघ उमटू लागली, अगदी कोरल्यासारखी. लोखंड! मॅग्नेशियम! कार्बन! प्रमुखांनी ताईंना वाकून नमस्कार केला.

भाऊ अजून धूळ पारखतो आहे. मला आता एकही कण ओळखता येत नाही, पण त्याचं दुःख नाही. दर सोमवारी कुणीतरी येऊन माझी काच पुसतं आणि भावाची ताजी माहिती पेटीशेजारी लावून जातं.

मित्रांनो, दूर जाऊन नाव काढणाऱ्याचं कौतुक जरूर करा. पण मागे राहिलेल्याचीही विचारपूस करत जा. त्याच्या कामाची वेळ सांगून येत नाही.