सात वेळा हललेला खांब

मी एक खांब बोलतोय. ज्याने एका जागी उभं राहून आयुष्य काढलं, त्याच्याजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण एका जागी उभं राहणं मला अगदी अलीकडे जमलंय, आणि गोष्ट त्याचीच आहे. शिवाय हल्ली माझं ऐकायला पाण्याशिवाय कोणी नाही. पाणी तर आपलंच घोडं पुढे दामटतं.

जन्माने मी डोलकाठी. माझी होडी खडकावर आपटून फुटली, तेव्हा होड्या बांधणाऱ्या एका तरुण सुताराने फळ्या सरपणाला दिल्या आणि मला खांद्यावर टाकून घरी नेलं. अंगावर हात फिरवून तो धाकट्या भावाला म्हणाला, "याला काही होत नाही. हा आपल्या सगळ्यांना पुरून उरेल." आपण किती खरं बोलतोय, याची त्याला तेव्हा कल्पना नव्हती.

त्याने पटाशीने माझ्यावर वीतवीतभर अंतराने दहा खुणा कोरल्या, त्यांत लाल रंग भरला. मग दोघा भावांनी किनाऱ्यावर सिमेंटची गोल बैठक ओतून मला उभं केलं. नियम सोपा होता. भरतीचं पाणी चौथ्या खुणेपर्यंत आलं तर चिंता नाही. रोजचं पाणी पाचवीला लागायला लागलं, की घरं सोडायची.

रोज भरतीला सुतार माझ्यासमोर यायचा. घराघरांतून हाक यायची, "कितवी?" तो ओरडायचा, "चौथी!" मग भांड्यांचे आवाज पुन्हा सुरू व्हायचे, बायका पुन्हा जाळी विणायला बसायच्या. माझ्या एका शब्दावर वस्ती निर्धास्त व्हायची. गर्व वाटायचा मला, खोटं कशाला बोलू.

सुताराची एक शिस्त होती. ओहोटीला माझा पायथा कोरडा पडलाच पाहिजे. तेव्हाच तो खुणांवरचं शेवाळ आणि शिंपले खरवडायचा. काही वर्षांनी पायथा कोरडा पडेना. तेव्हा भावांनी मला उपटलं, पंधरा पावलं मागे नवी बैठक ओतली, आणि पायथा पुन्हा कोरडा झाला. भरतीला पाणी पुन्हा चौथीला. सुतार खूश, वस्ती खूश.

असं एकदा नाही, सात वेळा झालं.

जाळ्यांची वखार पाण्यात गेली, तेव्हा मी तिच्या मागे होतो. गोड्या विहिरीचं पाणी खारट झालं, तेव्हा मी विहिरीच्याही मागे आलो. आणि सुतार रोजची खूण वहीत लिहायचा, तिथेही तेच: चौथी, चौथी, चौथी. माणसांची ही एक गंमत मी पाहिली आहे. घड्याळ मागे पडलं तर ते काटा पुढे सारतात. समुद्र पुढे आला तर मापच मागे घेतात.

मग घरं रिकामी व्हायला लागली. लोक एकेकटे जायचे, पहाटेच्या गाडीने, कोणाला फारसं न सांगता. किल्ली सुताराकडे द्यायचे, "जरा लक्ष ठेवा." धाकटा भाऊही बायको-मुलीला घेऊन शहरात इमारतींवर लाद्या बसवायला गेला. "दोन महिन्यांत येतो," असं माझ्याशेजारी उभं राहून म्हणाला होता. त्या दोन महिन्यांची पंधरा वर्षं झाली. सुतार म्हातारा झाला, सगळ्यांचा काका झाला. त्याच्या भिंतीवर किल्ल्यांची रांग वाढत गेली.

परत आली ती धाकट्याची मुलगी. कॉलेज शिकलेली, चालताना वाळू उडवणारी. वस्तीने दुसऱ्याच दिवशी तिचं नाव ठेवलं ठिणगी. टेकडीवर सरकारी जागा मोकळी आहे आणि उरलेल्या सगळ्या घरांना एकत्र तिथे नेता येईल, हे तिनेच शोधून काढलं होतं. अर्ज तिचाच. पाहणीसाठी मोजणीच्या बाई आल्या त्याही तिच्या खेपांमुळे. त्यांना पुरावा हवा होता. काकाने मोठ्या अभिमानाने वह्या पुढे केल्या.

बाईंनी बराच वेळ पानं उलटली. "फार नीट नोंदी आहेत, काका. एक दिवस चुकलेला नाही. पण सगळीकडे चौथीच आहे. हे कचेरीत गेलं तर ते म्हणतील, इथे पाणी वाढलेलंच नाही. मग तुमच्यासाठी टेकडी कशी मागू?"

ठिणगी काकाकडे वळली. "काका, जाळ्यांची वखार कुठे आहे?"

"गेली."

"कुठे गेली? चालत गेली?"

"पाण्यात गेली. तुला माहीत आहे."

"वखार पाण्यात, विहीर पाण्यात, आणि खूण चौथीच?"

"मोठ्यांशी असं बोलतात का गं?" शेजारची काकू मध्ये पडली.

"मोठ्यांनी लहानांचा विचार करून मोजलं असतं, तर मीही गोड बोलले असते, काकू."

काकाचा आवाज चिरका झाला. "मी वहीत एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही."

"अक्षर खरंच आहे," ती म्हणाली. "खांब खोटा आहे."

मला ते लागलं. लाकडालाही लागतं. पण नाही म्हणायला माझ्याजवळ काय होतं?

ओहोटी लागली होती. ठिणगी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरली. पायाने चाचपत पंधरा पावलं गेली आणि ताठ उभी राहिली. तिच्या तळव्याखाली माझी जुनी बैठक होती. "ही एक!" ती ओरडली. आणखी पुढे गेली. "दोन!" घरांतून माणसं बाहेर आली. पाणी तिच्या कमरेला लागलं. "पाच!" त्यापुढे तिला काही सापडेना. ती इकडे पाय मारायची, तिकडे मारायची.

बाईंनी लिहिलं, पाच.

काका पायरीवर बसला होता. त्याने चपला काढल्या, शेजारी जोडीने ठेवल्या. "सात आहेत," तो म्हणाला.

"काका, तुम्ही नका येऊ. छातीत दुखतं तुमच्या."

"तीस वर्षं पाय कोरडे ठेवले. आता भिजू दे."

तो तिच्या बाजूने पुढे गेला, न चाचपता, अंधाऱ्या घरात आपली खाट सापडावी तसा. सहावी बैठक. मग सातवी. तिथे पाणी त्याच्या छातीला लागत होतं. "इथे," तो म्हणाला. "इथे मी आणि तुझा बाप सिमेंट कालवत होतो. ओहोटीच होती. पायाखाली कोरडी वाळू होती."

ठिणगी पाणी कापत त्याच्याजवळ गेली.

"मला कळत होतं," काका हळू आवाजात म्हणाला. "पहिल्या दोन वेळा नाही. नंतर कळत होतं. पण तोंडातून पाचवी निघाली असती, तर सगळे निघून गेले असते."

"गेलेच की, काका. फक्त एकेकटे गेले. तुम्ही पाचवी म्हणाला असता, तर सगळे मिळून गेलो असतो. बाबासुद्धा."

काकाने मान हलवली. मग त्या पाण्यातून तिने त्याला हात धरून परत आणलं. त्या दिवशी बाईंनी सातही जागा मोजून घेतल्या, आणि वहीच्या शेवटच्या पानावर काकाने आपल्या हाताने लिहिलं: खांब सात वेळा मागे घेतला आहे. खाली सही केली.

त्या एका ओळीवर टेकडी मिळाली. घरं वर त्याच क्रमाने बांधली, शेजारी तेच शेजारी. ज्यांच्या किल्ल्या काकाकडे होत्या, त्यांच्याही जागा मध्ये मोकळ्या सोडल्या. दोन कुटुंबं परत आल्याचं मी ऐकलं. धाकटा भाऊ अजून आलेला नाही.

निघायच्या दिवशी काका पहार घेऊन माझ्याकडे आला. सवयच ती. ठिणगीने माझ्यावर हात ठेवला. "याला नाही हलवायचं."

"आठवण म्हणून नेतो गं. अंगणात उभा करीन."

"टेकडीवर हा काय मोजणार? याला एकदा तरी खरं बोलू द्या."

काकाने पहार खाली ठेवली. बराच वेळ माझं शेवाळ खरवडत राहिला, खुणांत नवा लाल रंग भरला. पाचवीत जरा जास्तच भरला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पहिली दोन वर्षं ठिणगी महिन्यातून एकदा होडीने यायची, वाचून जायची. मग आमच्यासारख्या आणखी वस्त्या तिला हाका मारायला लागल्या. मला तिचा राग नाही. माझ्यामागची घरं छपराविना उभी आहेत, त्यांच्या उंबऱ्यांतून खेकडे ये-जा करतात. माझा पायथा ओहोटीलाही कोरडा पडत नाही, आणि लाल रंग उडत चालला आहे.

मला परत न्या, असं मी म्हणणार नाही. जिथे कुठे तुमच्या किनाऱ्यावर, नदीवर, बांधावर माझ्यासारखा कोणी उभा असेल, त्याला जागेवरून हलवू नका, एवढंच. आणि रोज त्याला विचारत जा.

आत्ता भरती पूर्ण भरली आहे. वारा पडलाय. अशा शांततेत टेकडीपर्यंत हाक सहज पोचली असती.

कितवी, असं कोणी विचारलं नाही. तरी सांगतो. पाचवी.