आठवा लागायच्या आत

शेरवानीचं गळ्याजवळचं बटण काही केल्या लागेना. रामराव मान वर करून उभे होते आणि दुर्गाबाई टाचा उंचावून त्या बटणाशी झटत होती. अंबडच्या धर्मशाळेच्या ओसरीत त्यांनी रात्र काढली होती. समोरच्या लिंबाखाली बैल बांधलेले होते.

ही शेरवानी वर्षातून दोनदाच बाहेर निघायची, तालुक्यातल्या शाळा-विहिरी-घाटांचा खर्च बघणाऱ्या लोकल फंड कमिटीची बैठक असली की. एरवी रामराव धोतर-बंडीतले. कुंभार पिंपळगावचे हे सभासद पैशाच्या बाबतीत असे चेंगट, की गडी आणला तर त्याच्या भाकरीचा खर्च वाढेल म्हणून स्वतःच कासरा धरून आले होते. पैसा घरचा असो की फंडाचा, तो हातातून सोडायचा म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं.

"एकच महिना," दुर्गाबाई म्हणाली. "दसऱ्याला बंद करायची ती दिवाळीला करा. नदी कुठं पळून चालली का?"

"नदी न्हाई पळत. पैसा पळून राह्यलाय."

गोष्ट होती गोदावरीच्या घाटावरच्या सरकारी नावेची. पूर्वी तिचा ठेका घ्यायला माणसं भांडायची. मग लॉऱ्या वरच्या घाटाने जाऊ लागल्या आणि या घाटावर चिटपाखरू फिरकेनासं झालं. ठेका कुणी घेईना, म्हणून कचरू भोयाची मजुरी आणि नावेचं डांबर फंडाच्या अंगावर पडलं. फंड तर आधीच गळ्यापर्यंत बुडालेला. दुष्काळात विहिरी खोदायला आणि शाळा बांधायला सरकारी खजिन्यातून कर्ज घेतलं होतं. पुढे कापसाचा भाव कोसळला, वसुली घटली, आणि आता वर्षाची कमाई व्याजातच जाऊ लागली. हैदराबादचा खजिनाही तंगच. तिकडून हुकमावर हुकूम यायचे, किफायत करा, किफायत करा. इकडे पिंपळगावच्या शाळेचे मास्तर उन्हाळ्यापासून बिनपगारी होते आणि वारावारी एकेका घरी जेवत होते.

मागच्या बैठकीत रामरावांनीच उभं राहून सांगितलं होतं, की दसऱ्याच्या सुमारास सरकारी साल बदलतं, तेव्हापासून ही नाव बंद करावी. त्यांचं म्हणणं कुणाला खोडता आलं नाही. घरी येऊन त्यांनी दुर्गाबाईला ते मोठ्या कौतुकाने सांगितलंही होतं. पुढे महिनाभरात नदीपल्याडहून साळूच्या सासरचा सांगावा आला, तिला दिवस गेलेत.

साळू त्यांची एकुलती एक. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे काय कुणी सांगायला हवं? दुर्गाबाईने जुनी लुगडी जोडून मऊ दुपटी शिवली, डिंक निवडून ठेवला, आणि मग बोटं मोजायला बसली. सातवा लागत होता दसऱ्यानंतर. सातव्यात चोळी केल्याशिवाय पोर पाठवायची नाही, असं विहीणबाईंचं म्हणणं. आठव्यात पोटुशी बाई नदी ओलांडत नाही. नदीला उतार पडायचा तो माघ सरल्यावर, म्हणजे सगळं उरकून गेल्यावर. वरच्या घाटाची वाट लांबची आणि नुसती दगडांची, तिथून अवघडलेल्या पोरीला कोण आणू देईल? सातवा लागल्यापासून दिवाळीपर्यंतचे ते थोडे दिवस, तेवढेच काय ते दुर्गाबाईचे होते, आणि नेमकी त्याच दिवसांत नाव नसणार होती.

"कमिटीत माझ्या शब्दाला वजन का हाय? घरचं कधी काही मागितलं न्हाई म्हणून," रामराव म्हणाले.

"मंग एकदा मागा की. माझ्यासाठी न्हाई, लेकीसाठी."

"आपण उसनं खाऊन ढेकर द्यायचा आन् फेडायचं नातवंडांनी, हे मला जमत न्हाई."

"आवो, ते नातवंडच आणायचंय मला."

बटण एकदाचं लागलं.

ते कचेरीत गेल्यावर दुर्गाबाई मत्स्योदरीच्या टेकडीवर जाऊन देवीची ओटी भरून आली. काय मागावं ते तिला तिथे नीट सुचलं नाही. देवीपुढे अख्ख्या जन्माचं मागायचं सोडून एक महिना काय मागायचा! तरी तिने तोच मागितला. मग कचेरीच्या कुंपणाबाहेर गाडीजवळ येऊन बसली. साळू नुसती डोळ्यांपुढे यायची म्हटलं तरी आता त्रास व्हायचा, कारण येताना ती लहानपणीचीच यायची, परकरातली. पोटुशी साळू कशी दिसत असेल हे तिला काही केल्या दिसेना. ती दिसावीच, या हट्टाने दुर्गाबाई डोळे मिटून बसून राहिली.

मध्येच आतून मोठं हसणं ऐकू आलं. एवढ्या कडक कामात लोक हसतात कशाला, हे तिला कळेना. थोड्या वेळाने शाळेचे मास्तर बाहेर आले, चपला घातल्या आणि तिच्याकडे न बघताच निघून गेले. पुढे कितीतरी वेळाने रामराव आले. त्यांनी बैल जुंपले.

गाव मागे पडलं, वेशीबाहेरची बाभळीही मागे पडली, तेव्हा ते बैलांच्या पाठीकडे बघत म्हणाले,

"मागितला."

दुर्गाबाईने गाडीची साटी घट्ट धरली.

"काय म्हणले?"

"हसले. तहसीलदारसाहेब बी हसले. म्हणले, रामराव, आज पहिल्यांदा तुम्ही घरच्या माणसावानी बोलले. एकानं बी आडकाठी केली न्हाई. दिवाळीपर्यंत नाव मंजूर."

तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. पदर लावायचंही भान राहिलं नाही.

"पुढचं आयक," रामराव म्हणाले. "मंग काकासाहेब उठले. बाजारातल्या हौदाचं काम मी मागं बंद पाडलं व्हतं ना, ते मागितलं. मंजूर. बदरोद्दीनभाईंनी त्यांच्या वाटेवर टाकायला मुरूम मागितला. मंजूर. मंग ज्याला जे पाह्यजे ते. इतक्या सालात राखलेलं समदं बसल्या जागी उधळलं. मी कुणाला न्हाई म्हणू? कोणत्या तोंडानं? मास्तर पगाराचं इचारायला आल्ते, दाराशी बसले व्हते. ते उठून गेले."

"मी पाह्यलं त्यांला."

"मंग मी पुन्हा उभा राह्यलो. म्हणलो, माझा महिना परत घ्या. आन् माझा घेतला, तर समद्यांचं बी परत घ्या. तसंच झालं."

गाडीची चाकं करकरत राहिली. दुर्गाबाईला राग यायला हवा होता. सारा संसारभर साठवलेला राग होता तिच्याजवळ, तो आज बाहेर काढायला तिला कुणाची ना नव्हती. पण तिने तो शोधला तर तो हाताला येईना. या माणसाने लग्नापासून आजवर कुणापुढे घरासाठी तोंड उघडलं नव्हतं, आणि आज चारचौघांत हसं करून घेऊन लेकीसाठी मागितलं होतं. मिळालं नाही याचं दुःख पोटात होतंच. ते दुःख आता दोघांचं होतं, एवढाच काय तो फरक.

"किती येळ व्हता तो आपला?" तिने विचारलं.

"काय?"

"महिना."

रामरावांनी थोडा विचार केला. "असंल घटकाभर."

"त्या घटकेत तुमी काय केलं?"

रामरावांनी कासरा सैल सोडला.

"आणली की तिला," ते हळूच म्हणाले. "तिकडं त्यांचं मागणं चाललं व्हतं, आन् मी घाटावर उभा. कचरूनं नाव लावली. साळू उतरली, लई जड झाली व्हती. हात दिला तर म्हणली, बाबा, मी उतरते, मला येतं. मंग गाडीत बसवली तुझ्याजवळ."

"कशी दिसून राह्यली व्हती?"

"तुझ्यावानी. ती व्हायच्या टायमाला तू दिसायची, तशी."

गाडीत अंथरलेल्या गोधडीवर दुर्गाबाई मधोमध बसली होती. ती उठली आणि एका कडेला सरकून बसली, अंग चोरून, अर्धी गोधडी मोकळी राहील अशी.

रामरावांनी मागे वळून पाहिलं. पुढे दगडगोट्यांचा उतार होता. त्यांनी कासरा आवळला आणि बैल हळू केले.