पांढरी भिंत

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला ओल आहे. तिच्यावर काळी बुरशी धरते आणि तिच्यामुळे माझ्या पाच वर्षांच्या लेकीला धाप लागते. घरभर फिरायची म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. हल्ली ती बसूनच असते. घरमालकाला सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. तो म्हणायचा, खिडकी उघडी ठेवा. खिडकी खिळे ठोकून बंद केलेली, आणि खिळे त्यानेच ठोकलेले.

मग भाड्याच्या घरांसाठी कडक नियम आले. घर राहण्याजोगं नसेल तर तपासनीस मालकाला दुरुस्ती करायला लावणार होते. मी अर्ज केला. सात महिन्यांनी पत्र आलं, गुरुवारी अकराला येतो. मी कामाला असतो त्या गॅरेजमधल्या सगळ्यांना मी ते दाखवलं.

गुरुवारी अर्धी रजा टाकून घरी आलो, तर भिंत पांढरीशुभ्र. आईने पहाटेपासून बुरशी घासून काढली होती आणि वर चुन्याचा हात मारला होता. साहेब घरात येणार आणि भिंत ही असली, शोभतं का, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घेतला. चीड आली, पण कोणावर काढणार? तिला सांगायचं मीच विसरलो होतो.

तपासनीस भला माणूस होता. त्याने भिंतीला हात लावला, हात ओला झाला. पण रंगही ओलाच होता. मी फोनमधले फोटो दाखवले.

“तुमचं खोटं नाही,” तो म्हणाला. “पण मला आज दिसेल तेच लिहावं लागतं.”

जाताना घर छान ठेवलंय म्हणाला. आई लाजली.

मालकाला ‘राहण्यास योग्य’ असा दाखला मिळाला. नवव्या दिवशी बुरशी परत आली. कचेरीत म्हणाले, नवा अर्ज करा, नंबर लागेल तेव्हा येऊ, तोवर भिंतीला हात लावू नका. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज पुसा, पोरीच्या छातीत जातंय ते.

आज कामावरून आलो तेव्हा आई ओलं फडकं घेऊन भिंतीपुढे उभी होती. मागे भिंगरी गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होती.

“पुसू का रे?” आईने विचारलं.

मी भिंगरीला उचलून दाराशी नेलं. आईने मागून पुन्हा विचारलं.