वहीतला फोटो

इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीत, पैसे लावून आकडे जुळवायच्या बिंगो हॉलच्या दारात, तिथे काम करणाऱ्या ग्लेनिसने जुन्या मैत्रिणीला अडवलं.

"मेव्हिस, सहा महिने मला आत घेऊ नका, असं तूच लिहून दिलंयस."

"मग मीच मागे घेते."

"मुदतीआधी घेता येत नाही गं."

"बरं, शेजारच्या दुकानात जुगाराच्या मशिनवर जाते."

"आमच्यासारखाच तिथेही तुला ओळखायला तुझा फोटो आहे, बाई."

मेव्हिसला कुतूहल वाटलं. "बघू तरी, कशी दिसते मी."

आत न घ्यायच्या लोकांचे फोटो लावलेली वही ग्लेनिसने उघडली. फोटोतले डोळे रडून सुजले होते. नातवाच्या बुटांचे पैसे हरून तिने हे लिहून दिलं, फोटो काढून घेतला, तो दिवस मेव्हिसला आठवला.

आकड्यांवर ठिपके द्यायचं जाड पेन तिने पर्समधून काढून ग्लेनिसला दिलं.

"ठेव तुझ्याकडे. मुदत संपल्यावर मी मागायला येते का, मलाच बघायचंय."