वाढलेलं पितळ येतं कुठून?

माझ्या माहेरी, मोर्शीला, मला सगळे ‘काहूनबाई’ म्हणायचे. दिसेल त्या गोष्टीला ‘काहून?’, म्हणजे ‘का?’, विचारायची म्हणून. लग्न होऊन अकोल्याला आले, तर नणंद मिळाली रागिणी. तिच्या खाटेखाली रायफलच्या काडतुसांची रिकामी पितळी नळकांडी डबे भरभरून ठेवलेली. माझ्यासारखीला याहून चांगला आहेर कोण देणार!

रागिणी तीनशे मीटरवर नेम धरते. रीतसर परवाना आहे. परदेशातून येणारं नवं पितळ सहज मिळत नाही, म्हणून एकदा उडालेली नळकांडी ती पुन्हापुन्हा भरून वापरते. आधी साच्यात दाबून आकारात आणायची, मग लहानशा हातयंत्रात धरून त्यांचं तोंड कापायचं. हे तोंड कापणं बघत मी भाजी करपवलेली आहे. दांडा फिरवला की पितळेचा बारीक कीस खाली पडतो आणि सगळी नळकांडी एका उंचीची होतात.

“कापता काहून पण?” मी पहिल्यांदा विचारलं होतं.

“गोळी उडाली का पितळ लांबते, वहिनी. लांब राह्यलं तं बंदुकीत बसत नाही.”

“लांबते तं ते वाढलेलं पितळ येते कुठून?”

“येते कुठून म्हणजे? ताणते!”

आता ताणतं म्हणजे कुठेतरी पातळ होत असणारच. पोळी एकीकडे जास्त लाटली की तिथे कागदासारखी होते, हे मला कळतं. पण रागिणीला माझ्या शंकांसाठी वेळ नव्हता. रविवारी अमरावतीला राज्याच्या संघाची निवड होती. गेल्या वेळी ती थोडक्यात हुकली होती, आणि सासूबाईंनी सांगूनच ठेवलं होतं की या वेळी नंबर लागला नाही तर बंदूक बंद, अमरावतीला क्लास लावायचा आणि बँकेच्या परीक्षा द्यायच्या.

त्यातच महालक्ष्म्या तोंडावर आल्या. रागिणी सरावाला गेलेली, मी शाळेत शिकवायला. सासूबाईंनी घरातलं पितळ झाडून बाहेर काढलं. समया, ताम्हण, घंगाळ, आणि खाटेखालचे ते तीन डबेही. काळं पडलेलं पितळ त्यांना डोळ्यांसमोर खपत नाही. चिंच-मीठ लावून त्यांनी नळकांडं न् नळकांडं घासलं, धुतलं आणि अंगणात बाजेवर वाळत घातलं. मी घरी आले तेव्हा शेजारच्या पार्बताबाई फाटकातून विचारत होत्या, “महालक्ष्म्याईले नवीन काय घडोलं वो?”

संध्याकाळी रागिणी आली आणि बाजेसमोर मटकन खालीच बसली.

“आई, हे काय करून ठेवलं वो?”

“काय केलं? घासले. एवढी शिकलेली पोरगी अन् पितळ असं काळंमिट्ट!”

मग कळलं. पहिल्या डब्यात थोड्याच वेळा उडालेली नळकांडी होती, दुसऱ्यात त्याहून जुनी, तिसऱ्यात अगदीच जुनी. फार वापरलेलं पितळ बुडाजवळ तुटू शकतं. ऐन बंदुकीत त्याचे दोन तुकडे झाले तर स्पर्धा तर गेलीच, वर जळत्या दारूचा झोत तोंडावर. रविवारसाठी रागिणी पहिल्याच डब्यातली घेणार होती. आता तिन्ही डबे एकत्र झालेले, सगळी एका उंचीची, एका लकाकीची. कोणतं म्हातारं, कोणतं तरुण, ओळखणार कोण?

रागिणी रडायला लागली. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटत होतं. पण खोटं कशाला बोलू, आतून गंमतही वाटत होती. असं कोडं रोज थोडंच सोडवायला मिळतं!

“दरवेळी तोंड कापता ना? मंग जुनं हलकं भराले पाहिजे,” मी म्हटलं.

रागिणीनं डोळे पुसून बारीक वजनकाटा आणला. आम्ही एकेक तोलायला बसलो. काही हलकी निघाली, काही जड, आणि बाकी सगळी मधल्यामध्ये. नवीन असतानाच त्यांची वजनं सारखी नसतात, रागिणी म्हणाली. माझी हुशारी तिथंच आपटली.

पण पहिला प्रश्न अजून डोक्यात होताच. “ते वाढलेलं पितळ मंग येते कुठून?”

या वेळी ती वैतागली नाही. “बुडाकडून,” ती हळूच म्हणाली. “तिथं आतून पातळ होते. गोल खाच पडते.”

“मंग आतून चाचपून पाहू ना!”

सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा काढला, सरळ केला आणि त्याचं टोक जरासं वाकवलं. “चांगलं कसं लागते ते आधी दाखव मले.”

रागिणीनं जॅकेटच्या खिशातून एक नळकांडं काढलं. सकाळी सरावाला ते पहिल्या डब्यातूनच नेलं होतं, त्यामुळे घासण्यातून वाचलेलं. सासूबाईंनी आकडा आत घालून भिंतीवरून वरखाली फिरवला. पुन्हा फिरवला.

“हे चांगलं हाय म्हणतं?”

“हो.”

“याच्यात तं अडकून राह्यला.”

रागिणीनं ते हिसकावून घेतलं. स्वतः आकडा फिरवून बघितला. खिशातलं दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांत अडकत होता. माझ्या नवऱ्यानं, नितेशनं, एक नळकांडं पकडीत धरून करवतीनं उभं चिरलं. आत बुडाजवळ पितळ पातळ होऊन गोल रेघ पडली होती. वरून बोट फिरवलं तर काहीच कळत नव्हतं.

“मी साच्यात जास्तच दाबत होती,” रागिणी म्हणाली. “म्हून दरवेळी एवढं ताणत होतं. म्हून एवढा कीस पडत होता.”

डबे मिसळले नसते तर रविवारी ती हीच नळकांडी डोळे झाकून घेऊन गेली असती. माझी गंमत कुठल्या कुठे गेली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

रागिणीनं तिला नेमबाजी शिकवणाऱ्या भगवंत सरांना फोन लावला. क्लबमधली तयार काडतुसं द्यायला ते कबूल झाले. फोन ठेवून ती सासूबाईंकडे वळली.

“त्या काडतुसांवर माझा हात बसला नाही, आई. नेम कुठं जाईन सांगता येत नाही. या खेपेले नंबर नाही लागत.”

आता क्लासचं निघणार, असं मला वाटलं. सासूबाई हात पदराला पुसत होत्या.

“नाही लागला तं पुढच्या साली लागन,” त्या म्हणाल्या. “तू फक्त दोन्ही डोळे घेऊन घरी ये.”